बघत राहा, असं मी सांगितलं होतं

आमच्या विहाराच्या महिला मंडळाने वर्षावासात एक पुस्तिका काढायचं ठरवलं आणि मला निरोप आला, "ताई, तुम्ही एवढ्या मोठ्या आजारातून उठलात. धम्माने मनाला बळ कसं दिलं त्यावर दोन पानं लिहून द्या." मी लिहून दिली. चार दिवसांनी पानं परत आली. सोबत चिठ्ठी होती. लेख चांगला आहे, फक्त राग जरा कमी करावा, वाचणाऱ्याचं मन प्रसन्न राहिलं पाहिजे.

राग कमी केलेला नाही. उलट त्यानंतरच्या रविवारी जे झालं त्यामुळे दोन पानांची ही एवढी पानं झाली. ज्यांना प्रसन्न व्हायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. मी लिहिते आहे ते अशा माणसासाठी, ज्याच्या अंगात काहीतरी दुखतंय आणि जो ते कुणाला सांगत नाही, कारण न सांगणं म्हणजेच मनाची ताकद असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. त्यापायी माझे पाय जाता जाता राहिले. आणि माझं ऐकून आणखी एक बाई तशीच गप्प बसली. तिचं काय होणार ते हे लिहिताना मलाही माहीत नाही.

माझं नाव करुणा. "नाव ठेवताना तुह्या बापाची चूक झाली," असं माझा नवरा मिलिंद लग्नापासून म्हणत आलाय. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी बावीस वर्षं मालाची तपासणी करते. ट्रॅक्टरचे ओतीव भाग येतात. हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, गेज लावून माप बघायचं आणि केसाएवढी चीर दिसली तरी लाल रंगाचा फराटा मारून बाजूला टाकायचे. सुपरवायझर मागे लागतो, "मॅडम, जाऊ द्या ना, चालून जाते." मी चालू देत नाही. जे दिसलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं, कुणाला आवडो न आवडो. कारखान्यात माझ्या नजरेचा दरारा आहे. आता पुढचं वाचा आणि हसा.

आठ महिने

मी जन्माची तापट. लग्नानंतर पहिली वीस वर्षं मी किती ताटं आपटली याचा हिशेब नाही. मग सात वर्षांपूर्वी ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि खरंच फरक पडला. रोज पहाटे तासभर बसायला लागले. घरात आवाज कमी झाले. मिलिंद शेजाऱ्यांना सांगायचा, "आमच्या घरी आता फक्त कुकरची शिट्टी वाजते."

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण चार गोष्टी कळल्या की माणसाला शिकवायची खाज सुटते. रविवारी संध्याकाळी विहारात बायकांना घेऊन बसायला लागले. मला कुणी आचार्य नेमलं नव्हतं, माझं मीच नेमलं. पंधरा-सोळा बायका यायच्या. दिवसभर राबून आलेल्या, गुडघे धरलेल्या, कंबर मोडलेल्या. मी त्यांना सांगायचे, "दुखलं तरी हलायचं नाही. नुसतं बघत राहा. येतं ते जातं."

मग माझी पाठ दुखायला लागली. पाठीच्या मधोमध, ब्लाउजच्या शेवटच्या हुकाखाली. मी काय केलं? मी बघत राहिले. पहाटे मांडी घालून बसायचं आणि त्या दुखण्याकडे लक्ष न्यायचं. आधी ठणका, मग जळजळ, मग बरगड्यांभोवती आवळल्यासारखं. मी मनात म्हणायची, अनित्य आहे. दुसऱ्या दिवशी ते तिथेच असायचं, मी पुन्हा म्हणायची, अनित्य आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. एवढं दुखत असून करुणाताई हूं की चूं करत नाही, हे मलाच माझं कौतुक.

संध्याकाळी अंग कोमट लागायचं. ब्लाउज सैल झाले. कारखान्यातल्या पोरी म्हणायच्या, "मॅडम, बारीक झाल्या तुमी, काय करून राहिल्या?" मी म्हणायची, "पहाटे बसते."

माझी मुलगी पल्लवी रामदासपेठेत एका मोठ्या औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचते, तिला कळत होतं. एका संध्याकाळी ती माझ्या समोर येऊन बसली.

"आई, एक्स-रे काढ. रोज ताप येते तुले अन् तू डोळे मिटून बसून राहते."

"शरीर आहे, दुखणारच. तू प्रतिक्रिया देतेस पल्लवी."

"मी प्रतिक्रिया नाई देऊन राहिली, मी सांगून राहिली!"

"आवाज बघ तुझा. आधी शांत हो."

तिने हातातली मलमाची ट्यूब पलंगावर फेकली आणि निघून गेली. मी डोळे मिटले. तिच्या रागाबद्दल मनात मैत्रीभाव आणला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हे वाचून कुणी शिबिराला दोष देईल. त्या आठ महिन्यांत मी आणखी एका शिबिराला गेले होते. तिथल्या अर्जात विचारलं होतं, काही आजार आहे का? मी लिहिलं, नाही. मी भिंतीला हात लावून उठत होते ते बघून टेबलावरच्या बाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की? दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून या." मी हसून म्हटलं, "काही नाही हो." तेव्हा दोष द्यायचाच असेल तर तो इथे, या घरात, माझ्या खुर्चीवर बसलेला आहे.

आणि कुसुम. कुसुम आमच्या रविवारच्या बायकांतली. कॉलेजच्या पोरांच्या खानावळीत पोळ्या लाटते. नवरा गेला, दोन मुली आहेत. एकदा सगळ्या निघून गेल्यावर तिने मला दारात गाठलं.

"ताई, पोटात खालून दुखते. बसलं की जास्तच."

मी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून उभी होते. म्हटलं, "बघत राहा कुसुम. लगेच डॉक्टरकडे कशाला धावायचं? मन कच्चं असलं की दुखणं मोठं दिसतं."

"हाव ताई," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

चप्पल

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलापासून कॅन्टीनपर्यंत चालत गेले. रांगेत मागे उभी असलेली पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमची एक चप्पल कुठं हाय?"

मी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी. मागे वळून बघितलं तर चप्पल तिकडे टेबलाजवळ पडलेली. एवढी सिमेंटची तापलेली जमीन मी अनवाणी तुडवत आले आणि मला कळलं नव्हतं. मी परत गेले, चप्पल घालायला पाय पुढे केला आणि गुडघा वाकला तो सरळ होईना. कंपनीच्या बसने कशीबशी घराच्या नाक्यापर्यंत आले. बसच्या पायरीवरून मिलिंदने मला उचलून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत एमआरआय झाला. डॉक्टर वयाने पल्लवीपेक्षा फार मोठे नसतील. त्यांनी फिल्म उजेडावर लावली. मला सवय आहे, मी लगेच बघायला लागले. वरून खाली सगळे मणके सारखे, आणि मधले दोन कुरतडलेले. बोट लावून दाखवायची गरज नव्हती. हा तुकडा माझ्या टेबलावर आला असता तर मी दुसरा विचार न करता लाल फराटा मारला असता.

"मणक्याचा टीबी आहे," ते म्हणाले. "पू साचलाय आणि तो नसांवर दाबतोय. किती दिवसांपासून दुखतंय?"

"आठ महिने."

"आठ महिने काय करत होतात?"

काय सांगणार? मी म्हटलं, "बघत होते."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग त्यांनी गंभीरपणे सांगितलं की परवाच ऑपरेशन करायला हवं, पाय परत येतील किंवा येणार नाहीत, आज काही सांगता येत नाही. सहा महिने आधी आला असतात तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये पल्लवी रडली नाही. ओरडली. "बघून राहिली होती! मी रोज लोकायले औषध देते, आई. कोणाले खोकला आला तं मी म्हणते डॉक्टरले दाखवा. अन् माह्या घरात माही माय पांगळी होऊन राहिली अन् मले म्हणते शांत हो!" लोक वळून बघत होते. मिलिंद तिला धरायला गेला तर तिने त्याचाही हात झटकला आणि फरशीवर बसली. मी व्हीलचेअरमध्ये होते. मला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

सगळे म्हणतात निदान कळलं की भीती वाटते. मला भीती नंतर वाटली. आधी वाटला तो राग. सात वर्षांत दाबून ठेवलेला सगळा एकदम. डॉक्टरचा राग, त्याने हातातलं घड्याळ बघितलं म्हणून. देवा-धर्माचा राग करता येत नाही, देव आम्ही मानत नाही, म्हणून मग माझाच राग. आणि मिलिंदचा. रात्रंदिवस एका घरात राहणारा माणूस, बायको भिंत धरून चालते हे त्याला दिसलं नाही?

दहापैकी किती

ऑपरेशन झालं. पाठीत स्क्रू आणि सळ्या बसवल्या. शुद्धीवर आले तेव्हा पाय होते, पण ते कुणाचे होते कोण जाणे. लघवीची नळी, पाठीला पट्टा, दर दोन तासांनी दोन सिस्टरनी मिळून कुशीवर वळवायचं. सकाळी पाचला अंग पुसायचं, सहाला इंजेक्शन, सातला बेचव उपमा.

आणि मग भेटायला येणारे. रुग्णाला भेटायला येणाऱ्यांवर एखादं शिबिर घ्यायला पाहिजे. माझ्याच रविवारच्या बायका यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "ताई, तुमाले आम्ही काय सांगाव? तुमीच तं शिकवलं, सगळं अनित्य हाय." माझंच औषध मला पाजत होत्या. आणि ते इतकं कडू असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पाय हलत नाहीत म्हणून घाबरलेली, आणि समोरची मला सांगते आहे की पाय अनित्य आहेत. वाटायचं, उशाचं सफरचंद उचलून हाणावं.

एक म्हणाली, "मागच्या जन्माचं काही राहिलं असेल." मी पडल्या पडल्या एवढ्या जोरात ओरडले की सिस्टर धावत आली. मागचा जन्म, नशीब, पाप, हे सगळं आमच्या आजोबांनी टाकून दिलं, त्यासाठी गावाशी वैर घेतलं, आणि ही बाई पांढरी साडी नेसून तेच पुन्हा माझ्या खाटेवर आणून ठेवते! दुसरी डबा घेऊन आली. चांगली भाजी होती. जाताना म्हणाली, "डबा वापस नका पाठवू, राहू द्या." टीबी म्हटल्यावर घाबरली होती. मणक्याचा टीबी असा डब्यातून लागत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं होतं. आमच्या आजीला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. ते ज्यांना माहीत आहे त्यांच्याच घरातली ही बाई. तो डबा मी पल्लवीला घासून पुसून त्या बाईच्या दारात ठेवून यायला लावला.

शेजारच्या खाटेवर अनसूयाबाई होत्या. रामटेककडच्या, सत्तरीच्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. दिवसभर बोंबलायच्या. "मेली वं माय! अरे रामा, कुठं झोपला गा तू!" देवाला शिव्या, पोराला शिव्या, डॉक्टरांना शिव्या. मला त्यांचा संताप यायचा. किती कच्चं मन, असं मी मनात म्हणायची. पाय गेले तरी मस्ती गेली नव्हती.

सिस्टर रोज सकाळी विचारायची, "दहापैकी किती दुखतं?" मी म्हणायची, "तीन." ती तीन लिहायची आणि तीनचं औषध द्यायची.

चौथ्या दिवशी सिस्टर गेल्यावर अनसूयाबाईंनी मान वळवली.

"खोटी बोलते वं तू. मघानी तुहे दात वाजून राहिले होते."

मी मान दुसरीकडे वळवली.

"मले दुखते तं मी बोंबलते. तू काहून नाई बोंबलत? तुह्या इज्जतीचा सवाल हाय का?"

होता. अगदी तोच होता. बाईंनी एका वाक्यात माझी सात वर्षं चाळून काढली. मी छताकडे बघत पडले आणि मला माझं रजिस्टर आठवलं. बावीस वर्षांत मी एक माप खोटं लिहिलं नव्हतं. मालकाचा पुतण्या येऊन उभा राहिला तरी नाही. आणि स्वतःच्या अंगाचं माप मी आठ महिने खोटं लिहीत होते, वर त्याला ध्यान म्हणत होते.

दुसऱ्या सकाळी सिस्टरने विचारलं. मी म्हटलं, "आठ." तिने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "काल तीन होतं ना?" मी म्हटलं, "काल खोटं होतं." तिने डॉक्टरांना फोन केला, इंजेक्शन आलं आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी सलग चार तास झोपले. उठले तर अनसूयाबाई म्हणाल्या, "पाह्य बाप्पा, झोपली तं घोरते किती."

त्या दिवसांत एक गोष्ट सारखी मनात यायची. एक भिक्खू जुलाबाने आजारी पडला होता, स्वतःच्याच घाणीत लोळत होता, आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्ध तिथे आले. मी ही गोष्ट विहारात कितीतरी वेळा सांगितली आहे, दरवेळी सेवेचं महत्त्व वगैरे. पण खाटेवर पडून आठवली तेव्हा कळलं की बुद्धांनी त्याला अनित्यतेवर प्रवचन दिलं नाही. त्यांनी आधी पाणी मागवलं. त्याला धुतलं, उचलून स्वच्छ अंथरुणावर ठेवलं, आणि मग बाकीच्यांची खरडपट्टी काढली. मी एवढी वर्षं सांगताना त्यातलं पाणीच गाळून टाकत होते.

अंगठा

घरी आले ती खाटेवरच. रोज सकाळी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची आणि म्हणायची, "काकू, उजवा अंगठा हलवा." मी सगळा जीव त्या अंगठ्यात न्यायची. तो ढिम्म.

बसणं मी सोडलं नाही. मांडी घालता येत नव्हती, पडल्या पडल्या करायची. पण आता एक नियम केला. जे आहे ते आहे त्या मापाने म्हणायचं, आणि मोठ्याने म्हणायचं. "पाठ, सहा. अंगठा, काही नाही. भीती आहे. राग आहे." रागाकडेही पहिल्यांदा नीट बघितलं. कान तापतात, जबडा आवळतो, पोट कडक होतं. एवढी वर्षं मी त्याच्यावर चढून बसले होते आणि म्हणत होते की तो गेला. बघितल्याने तो काही पळाला नाही. कधी दहा मिनिटांत ओसरायचा, कधी दिवसभर माझ्यासोबत जेवायचा. पण मी त्याला घाबरेनाशी झाले. मनाची ताकद म्हणतात ती मला इथे थोडीफार सापडली, आणि ती आधी वाटायची त्यापेक्षा फार साधी निघाली. खरं माप घेता येणं आणि ते घेतल्यावर पुढची सोय करणं, एवढंच.

एका दुपारी मिलिंद माझं अंग पुसत होता. लघवीची पिशवी तोच रिकामी करायचा, कधी नाक मुरडलं नाही. मी म्हटलं, "मला तुमचा राग येतो."

"काहून?"

"आठ महिने तुम्ही एकदाही विचारलं नाही."

तो टॉवेल पिळत राहिला. मग म्हणाला, "दिसत होतं मले. पण घर शांत होतं वं. वाटलं, विचारलं तं तू पुन्हा भांडे आपटशील. भेलो मी." आणि तो रडला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी त्याला आईच्या मातीनंतर पहिल्यांदा रडताना बघितलं. मीही रडले. माझी शांतता त्याच्यासाठी एवढी महाग होती की ती मोडायला तो तयार नव्हता, आणि मी ती दर रविवारी मिरवत होते. दोघांचीही चूक होती. ते बोलल्यावर मला त्याच्या हातची भाकर गोड लागायला लागली.

पाचव्या आठवड्यात पल्लवी माझ्या पायाची नखं कापत होती. आमच्यात तोवर कामापुरतंच बोलणं होतं.

"आई, पाय नको ओढू."

"मी कुठे ओढते? तूच धरलायस."

"मी हातच नाई लावला अजून."

दोघींनी अंगठ्याकडे बघितलं. मी पुन्हा हलवला. तो हलला, खरंच हलला. पल्लवीने नेलकटर टाकलं आणि माझ्या पायावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. मला पायावर तिचा ओला गाल लागला नाही, एवढी जाणीव अजून आली नव्हती. मी तेही तिला सांगितलं, खरं माप म्हणून. ती रडता रडता हसायला लागली.

जे या दुखण्यातून जात आहेत त्यांच्यासाठी थोडं. गोळ्या खूप आहेत आणि खूप महिने आहेत. लघवी केशरी होते, घाबरू नका. मळमळतं, जेवणाची शिसारी येते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बरं वाटतं आणि गोळ्या सोडाव्या वाटतात. सोडू नका. कुणी वेगळं ताट काढलं तर गप्प बसू नका. आणि दुखलं तर बोंबला.

रविवार

दहा महिन्यांनी मी विहाराच्या सात पायऱ्या चढले. वॉकर, पाठीला पट्टा, वरून पांढरी साडी. वंदना झाली. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, दोन शब्द बोला. जरा प्रसन्न."

मी खुर्चीवर बसले. समोर पंधरा-सोळा बायका. मी म्हटलं, "प्रसन्न नंतर. आधी ज्यांना कुठे दुखतंय त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

चाळीस ओलांडलेल्या बायका, दुसऱ्यांच्या घरची धुणी-भांडी करणाऱ्या, आठ-आठ तास उभ्याने काम करणाऱ्या, आणि एकीलाही दुखत नाही! माझे कान तापले. मी आवाज चढवला, विहारात चढवला. "खोटं बोलता तुम्ही. मीच शिकवलंय हे खोटं. मी चुकीचं शिकवलं. दुखणं बघायचं ते डॉक्टरला नीट सांगता यावं म्हणून, लपवता यावं म्हणून नाही. माझे पाय बघा!" अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "ताई, इथं असं नको." मी म्हटलं, "इथंच."

मागच्या भिंतीशी कुसुम उठून उभी राहिली. मी तिला दहा महिन्यांनी बघत होते. चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली.

"ताई, मी बघून राहिली," ती म्हणाली. "तुमी म्हटलं होतं तसंच. पोटात दुखते ते तं हायेच. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, अन् आता पुन्हा डाग पडते. चार महिने झाले. मी कोनालेच नाई सांगतलं." आवाजात तक्रार नव्हती. सांगितलेला अभ्यास करून आणलेल्या मुलीसारखी ती मला सांगत होती. त्याहून वाईट असं मी त्या सगळ्या आजारात काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, पल्लवी आणि कुसुम सरकारी दवाखान्यात बायकांच्या ओपीडीत गेलो. लांब रांग होती. मला अजून वॉकर धरून दहा मिनिटंच उभं राहता येतं. मध्ये मध्ये बाकावर टेकत मी रांगेबरोबर सरकत राहिले. कुसुम रस्त्यातही बोलली नव्हती, रांगेतही बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागे तिला तपासलं. हातमोजे काढता काढता त्या कुसुमवरच चिडल्या. "इतके दिवस काय करत होतात? तुम्ही बायका स्वतःकडे लक्षच देत नाही." कुसुमने मान खाली घातली.

मी पडद्याशी उभी होते. म्हटलं, "डॉक्टर, तिने लक्ष दिलं होतं. वर्षाआधी मला येऊन सांगितलं होतं. मी तिला थांबवलं."

त्यांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं, माझ्या वॉकरकडे बघितलं आणि त्या कागदावर लिहायला लागल्या. मग आतला एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी मिळेल म्हणाल्या. काय असू शकतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही तिघींनी विचारलं नाही.

बाहेर आलो. कुसुम चार पावलं पुढे गेली आणि वळली.

"ताई, माह्या दोन पोरी हायेत," ती म्हणाली. "लहानीचं बारावीचं वर्ष हाय. मी तुमाले सांगतलं, तवा डॉक्टरकडे पाठवलं असतं तं तुमचं काय गेलं असतं? मले काय समजते? मी पोळ्या लाटते. तुमी शिकलेल्या, म्हून तुमाले विचारलं. मन कच्चं हाय म्हणे! माहं मन कच्चं होतं का वं?" तिचा आवाज चढत गेला. ती रडत होती आणि बोट माझ्याकडे करून बोलत होती. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. गार्ड आला आणि म्हणाला, "बाई, आवाज कमी करा."

"बोलू द्या तिला," मी म्हटलं.

माझी उभं राहायची दहा मिनिटं संपली होती. पल्लवी दोन पावलांवरच्या बाकाकडे खूण करत होती. एवढी वर्षं कुठल्याही बाईचा आवाज चढला की मी तिच्या खांद्यावर हात ठेवून शांत हो म्हणायची. आताही हात उचलला गेला. मी तो परत वॉकरवर ठेवला आणि तिचं बोलून होईपर्यंत तिच्यासमोर उभी राहिले.